कर्तव्याची किंमत कोण मोजतो? अथेन्स, औरंगाबाद आणि टेंभुर्णीचा दहावीचा वर्ग

१/
इसवी सनपूर्व ४८० मध्ये सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत ग्रीकांनी इराणी आरमाराचा पराभव केला. त्या विजयाचा मुख्य सूत्रधार होता अथेन्सचा थेमिस्टोक्लीस. पुढे त्याच अथेन्सने त्याला हद्दपार केले आणि त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवला. अखेर ज्यांच्याशी तो लढला होता, त्या इराणी साम्राज्याच्याच आश्रयाने मॅग्नेशिया येथे त्याने देह ठेवला. देशद्रोह्याला अथेन्सच्या भूमीत पुरण्यास कायद्याने मनाई होती. तरीही इतिहासकार थ्युसिडिडीज नोंदवतो की, नातेवाइकांच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या अस्थी त्याच्याच इच्छेवरून मायदेशी आणल्या गेल्या आणि अथेन्सवासीयांच्या नकळत पुरल्या गेल्या.

२/
ते नातेवाईक गुन्हेगार ठरतात की कर्तव्यनिष्ठ? अथेन्समध्ये हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. थेमिस्टोक्लीसच्या मृत्यूनंतर साधारण दोन दशकांनी, इसवी सनपूर्व ४४१ च्या सुमारास, सोफोक्लीसने असाच प्रसंग रंगभूमीवर आणला. ते नाटक म्हणजे ‘अँटिगनी’. आजचा थ्रेड त्या नाटकाविषयी आहे. जालना जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे दहावीच्या एका वर्गात त्यावर चर्चा झाली, तेव्हा ती कोणत्या वळणाने गेली, याविषयीही आहे.

३/
प्रथम नाटक कोठे होत असे ते पाहू. वसंत ऋतूत डायोनिससचा उत्सव भरे. अॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरील नाट्यगृहात तीन कवींची स्पर्धा होई. प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि एक हलकेफुलके ‘सॅटर’ नाटक. कोरसच्या तालमींचा खर्च एखादा धनिक नागरिक उचले आणि परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. नाटकांपूर्वी त्याच जागी राज्याचे वैभव मिरवले जाई. मित्रराज्यांकडून आलेली खंडणी प्रेक्षकांसमोर मांडली जाई. युद्धात पडलेल्यांचे पुत्र, ज्यांना राज्याने वाढवले, ते चिलखत घालून संचलन करीत. राज्यनिष्ठेचा हा सोहळा आटोपला की राज्याच्या आज्ञेलाच प्रश्न विचारणारे नाटक सुरू होई.

४/
सोफोक्लीस स्वतः राज्यकारभाराबाहेरचा माणूस नव्हता. इसवी सनपूर्व ४४३-४४२ मध्ये तो मित्रसंघाच्या कोषाधिकाऱ्यांपैकी एक होता. ४४१-४४० मध्ये तो सेनापती म्हणून निवडून आला आणि पेरिक्लीससोबत सामोसच्या मोहिमेत सहभागी झाला. राज्य चालवायचे तर आज्ञा पाळल्या गेल्या पाहिजेत, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. म्हणूनच त्याच्या नाटकातला राजा पोकळ खलनायक वाटत नाही.

५/
कथा अशी. थीब्जचा राजा इडिपस गेल्यावर त्याचे दोन पुत्र सिंहासनासाठी भांडले. इटिओक्लीस गादीवर राहिला. पॉलिनायसीस परक्यांची फौज घेऊन स्वतःच्याच नगरावर चालून आला. दोघांनी एकमेकांना ठार केले. नवा राजा क्रेऑन हा त्यांचा मामा. त्याने फर्मान काढले की, इटिओक्लीसला सन्मानाने पुरावे आणि पॉलिनायसीसचे प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकावे. जो त्याचे अंत्यसंस्कार करील त्याला भर नगरात दगडांनी ठेचून मारले जाईल.

६/
इडिपसच्या दोन मुली राहिल्या. अँटिगनी म्हणते, भावाला माती देणे हे माझे कर्तव्य आहे. धाकटी इस्मेनी म्हणते, आपण दोघी स्त्रिया आहोत, एकट्या आहोत, सत्तेपुढे आपले काय चालणार? मृतांनी आपल्याला क्षमा करावी. इस्मेनीला भित्री म्हणून निकालात काढणे सोपे आहे. मात्र पुढे अँटिगनी पकडली जाते, तेव्हा हीच इस्मेनी शिक्षेत वाटा मागायला येते आणि अँटिगनी तिला तो देत नाही.

७/
क्रेऑनचा युक्तिवादही ऐकण्याजोगा आहे. नगर म्हणजे एक जहाज. ते तरले तरच माणसांची नाती तरतील. नगरावर शस्त्र धरणाऱ्याला आणि नगरासाठी मरणाऱ्याला समान मान दिला, तर उद्या नगरासाठी कोण मरेल? रॉबेन बेटावरील तुरुंगात राजकीय कैद्यांनी हे नाटक केले, तेव्हा क्रेऑनची भूमिका नेल्सन मंडेला यांनी केली होती. आपल्या आत्मकथनात त्यांनी क्रेऑनच्या आरंभीच्या शहाणपणाची दखल घेतली आहे आणि पुढे त्याच्या ताठरपणाला दोष दिला आहे.

८/
अँटिगनी राजाला सांगते की, तुझे फर्मान कालचे आहे; देवांचे अलिखित नियम कधीपासूनचे आहेत ते कोणालाही ठाऊक नाही. क्रेऑनचा पुत्र हायमॉन हा तिचा वाग्दत्त वर. तो बापाला समजावतो की, नगरातले लोक अंधारात तिच्यासाठी हळहळतात, पण तुझ्यासमोर कोणी बोलत नाही. क्रेऑन ऐकत नाही. मात्र तो शिक्षा बदलतो. तिच्या मृत्यूचे पातक नगराला लागू नये म्हणून थोडे अन्न ठेवून तिला जिवंतपणीच गुहेत बंद करण्याचा हुकूम देतो. आपल्या निर्णयाची जबाबदारी टाळण्याची ही युक्ती नीट लक्षात ठेवावी.

९/
शेवटी अंध द्रष्टा टायरेसियस इशारा देतो आणि क्रेऑन नमतो. आधी तो पॉलिनायसीसचे अंत्यसंस्कार करतो, मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हायमॉन स्वतःवर तलवार चालवतो. ते ऐकून राणी युरिडिसीही जीव देते. क्रेऑन तेवढा जिवंत उरतो.

१०/
आता टेंभुर्णी. जाफ्राबाद तालुक्यातील हे मोठे गाव. तालुक्याला लागूनच बुलढाणा जिल्हा. स्वातंत्र्यापूर्वी ही जिल्ह्यांची नव्हे, दोन सत्तांची सीमा होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजी अंमलाखालचा वऱ्हाड. १७ सप्टेंबरला येथील शाळांतून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते, भाषणे होतात, हुतात्म्यांची नावे घेतली जातात. एका शाळेतील इतिहासाच्या तरुण शिक्षिकेला वाटत असे की, मुले नावे पाठ करतात, पण त्या माणसांपुढे काय निवड उभी होती ते त्यांना जाणवत नाही. म्हणून एका वर्षी ध्वजवंदनानंतरच्या आठवड्यात तिने दहावीच्या वर्गाला अँटिगनीची गोष्ट सांगितली. शेवट मात्र सांगितला नाही.

११/
पहिला कौल राजाच्या बाजूने पडला. “मॅडम, त्यानं फौज आणली ना गावावर? मंग राजाचं काय चुकलं?” मागच्या बाकावरून आलेल्या या प्रश्नाला बऱ्याच माना डोलल्या. दुसऱ्या बाजूने एका मुलीने सप्ताहातल्या कीर्तनात ऐकलेली रामायणातली गोष्ट काढली. रावण पडल्यावर बिभीषण त्याचे अंत्यसंस्कार करायला कचरतो, तेव्हा राम त्याला समजावतो की वैर मरणापाशी संपते. शिक्षिकेने तिला जोड दिली. महाभारतातही युद्ध संपल्यावर युधिष्ठिर दोन्ही पक्षांच्या मृतांचे, ज्यांना कोणी नातलग उरला नाही अशांचेही, दहनसंस्कार करवतो. म्हणजे क्रेऑनसमोरचा प्रश्न आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही.

१२/
मग वर्गाला वढू आठवले. मार्च १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, देहाची विटंबना झाली. आणि बादशाही धाकाला न जुमानता वढूच्या लोकांनी अंत्यसंस्कार केले, असे परंपरा सांगते. महाराजांची समाधी वढू बुद्रुकला आहे. संस्कार नेमके कोणी केले याविषयी वेगवेगळ्या परंपरा आहेत आणि त्यांवरून वादही झाले आहेत. शिक्षिकेने त्या वादात वर्गाला नेले नाही. तिने एक फरक दाखवला. वढूकरांसमोर परका बादशहा होता. अँटिगनीसमोर तिचे स्वतःचे नगर आणि सख्खा मामा होता. शत्रूची आज्ञा मोडायला धैर्य लागते. आपल्या माणसांची आज्ञा मोडताना धैर्य तर लागतेच, शिवाय आपण चुकत तर नाही ना, ही शंकाही सोबत वागवावी लागते.

१३/
तिसरे उदाहरण मुलांच्या वयाच्या जवळचे होते. १९३८. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातलेली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ऐकले नाही. लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या चळवळीतून नागपूरला शिकायला गेलेल्यांपैकीच एक.

१४/
येथेही दुसरी बाजू होती, आणि ती न सांगता पुढे जाणे इतिहासाला धरून होणार नाही. हे गीत राजकीय आहे आणि अन्य धर्मीय विद्यार्थ्यांना दुखावणारे आहे, असे प्रशासनाचे म्हणणे होते. गीतातील धार्मिक प्रतिमांवरील आक्षेप केवळ निजामाच्या दरबारातून आलेला नव्हता. खुद्द काँग्रेस कार्यसमितीने ऑक्टोबर १९३७ मध्ये त्याची पहिली दोन कडवीच सभांमधून गावीत असे ठरवले होते. म्हणजे वसतिगृहाच्या अधिकाऱ्यालाही “मी शांतता राखण्याचे कर्तव्य बजावतो आहे” असे म्हणता आले असते. क्रेऑनही तेच म्हणतो.

१५/
मग दोन्हीकडून ‘कर्तव्य’ हाच शब्द येत असेल तर फरक कसा करावा? शिक्षिकेने फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे ‘हे माझे कर्तव्य, असे कोण म्हणाले?’ उजवीकडे ‘त्याची किंमत कोणी मोजली?’ क्रेऑनच्या ओळीत मुलांनी उजवीकडे लिहिले: अँटिगनी. अँटिगनीच्या ओळीत: अँटिगनी. १९३८ च्या विद्यार्थ्यांच्या ओळीत: स्वतःचे शिक्षण. वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांच्या ओळीतही विद्यार्थीच आले. कर्तव्य दोन्हीकडे होते, पण उजवा रकाना सारखा भरला नाही.

१६/
अधिकारपदावरच्या माणसालाही किंमत स्वतः मोजता येते, हे दाखवण्यासाठी शिक्षिका पुन्हा अथेन्सला गेली. इसवी सनपूर्व ४०६, आर्गिनुसीची सागरी लढाई. अथेन्स जिंकले, पण वादळामुळे फुटलेल्या जहाजांवरील माणसांना परत आणता आले नाही. संतप्त सभेने सेनापतींचा एकत्रित निवाडा करून देहदंड द्यायचे ठरवले. प्रत्येकाचा स्वतंत्र खटला चालावा हा नियम डावलला गेला. त्या दिवशी सभेचे कामकाज चालवणाऱ्या मंडळात सॉक्रेटिस होता. ठराव मतास टाकण्यास त्याने नकार दिला. तो एकटा पडला. हाती सापडलेले सहा सेनापती मारले गेले आणि नंतर अथेन्सला त्याचा पश्चात्ताप झाला. सॉक्रेटिसच्या नकाराने कोणी वाचले नाही, पण आपल्या पदाच्या कर्तव्याचा धोका त्याने स्वतःवर घेतला.

१७/
फळ्यावरचा हिशेब इतका सरळ राहिला नाही, हे त्या वर्गाचे श्रेय. आता शिक्षिकेने नाटकाच्या अखेरीचे तीन मृत्यू सांगितले. तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलाने हरकत घेतली. “मॅडम, मंग अँटिगनीच्या पुढं पण हायमॉन लिहा ना. अन् त्याची आई. त्यांनी कुठं काय ठरवलं होतं?” शिक्षिकेने खडू उचलला आणि ती दोन नावे दोन्ही ओळींत लिहिली. शोकांतिका सुभाषितापेक्षा वेगळी आहे ती याच ठिकाणी. योग्य निवडीचीही झळ इतरांना लागते. स्वतः किंमत मोजण्याची तयारी असली म्हणजे आपण निर्दोष झालो, असे नाही. पण ती तयारीच नसेल आणि तोंडी मात्र कर्तव्याची भाषा असेल, तर थांबून पाहावे.

१८/
तास संपत आला असताना एका मुलीने विचारले, “मॅडम, मैत्रिणीचं लग्न ठरवलं असलं घरच्यांनी, अन् तिनं म्हणलं असलं कोणाला सांगू नको, तर मंग?” वर्ग एकदम शांत झाला. कोणाचे, कधी, कोठे, हे शिक्षिकेने भर वर्गात विचारले नाही. विचारले असते तर सांगण्याची किंमत त्या मुलीने त्याच क्षणी मोजली असती. मराठवाड्यात हा प्रश्न कल्पनेतून सुचत नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मागे राहणाऱ्या मुलीच्या काळजीने तिचे लग्न उरकतात. दुष्काळ असतो, वयाबरोबर वाढणारा हुंडा असतो, लोकांच्या तोंडाचे भय असते. “मुलीला वेळेत उजवणे हे आमचे कर्तव्य,” असे बाप म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

१९/
नाटकाशी ताडून पाहिले तर येथे बाजू उलटल्या आहेत. अँटिगनीत कायदा राजाच्या बाजूने आहे आणि कुटुंब मुलीच्या बाजूने. येथे बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ मुलीच्या बाजूने आहे आणि घर दुसऱ्या. म्हणून ‘कायद्यापेक्षा सद्सद्विवेक मोठा’ किंवा ‘घरापेक्षा राज्य मोठे’ अशी सूत्रे पाठ करून चालत नाही. फळ्यावरचे दोन रकाने मात्र येथेही उपयोगी पडले. डावीकडे आई-बाप, नातलग, आणि गुपित राखणारी मैत्रीणसुद्धा. उजव्या रकान्यात एकच नाव येत होते, आणि त्या नावाला कोणी काही विचारलेले नव्हते.

२०/
शिक्षिकेने कायद्यातील तरतुदी सांगितल्या. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. असा विवाह लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी. १०९८ हा क्रमांक तिने फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिला. मग ती म्हणाली, “तू मला विचारलंस, म्हणजे हे आता तुझ्या एकटीचं राहिलं नाही. शिक्षक म्हणून ते माझं झालं. पुढं लोक बोलतील ते मला बोलतील.” तिसऱ्या रकान्याची गरज नव्हती. तिने स्वतःचे नाव उजवीकडे लिहिले होते, एवढे वर्गाला कळले.

२१/
शेवटी नाटकातील एक गोष्ट उरते. ग्रीक शोकांतिकेत कोरस असतो. सोफोक्लीसच्या काळात त्यात पंधरा जण असत. अँटिगनीत ते थीब्जचे वृद्ध, मान्यवर नागरिक आहेत. सगळे त्यांच्या डोळ्यांदेखत घडते. ते कधी अँटिगनीच्या धैर्याची वाखाणणी करतात, कधी तिच्या हट्टाला दोष देतात, बहुतेक वेळ राजाचा रोख पाहून बोलतात. टायरेसियस गेल्यावर हादरलेला क्रेऑन त्यांना विचारतो: मी काय करू? सांगा, मी ऐकेन. आणि ते क्षणाचाही विलंब न लावता सांगतात: जा, मुलीला गुहेतून सोडव आणि त्या प्रेताला मूठमाती दे.

२२/
हे ऐकल्यावर राजाची बाजू घेणारा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “म्हंजे त्यांना आधीपासूनच माहीत होतं.” शिक्षिकेने होकार दिला. त्यांना माहीत होते. कोणी विचारण्याची ते वाट पाहत होते, आणि क्रेऑनने विचारले तोवर गुहेत जे व्हायचे ते होऊन गेले होते. त्या पंधरा जणांना नाटकात काहीच किंमत मोजावी लागत नाही.